तिसरा रकाना

१६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस स्वतंत्र झाला. ब्रिटिशांचा ब्याऐंशी वर्षांचा अंमल संपला आणि नवी राज्यघटना लागू झाली. त्या घटनेचे दुसरेच कलम सांगत होते की या देशात समाज दोन, ग्रीक आणि तुर्की, आणि प्रत्येक नागरिकाने त्यांतल्या एकात असलेच पाहिजे. बेटावर आर्मेनियन होते, मॅरोनाइट ख्रिस्ती होते, लॅटिन म्हणजे रोमन कॅथलिक ख्रिस्ती होते. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहत आलेली ही माणसे ना ग्रीक होती ना तुर्की. बाजू निवडायला त्यांना तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि त्यांनी ग्रीक बाजू निवडली. पुढे कुणाला समाज बदलावासा वाटलाच, तर लेखी अर्ज करायचा आणि ज्या समाजात जायचे त्याच्या सभागृहाची मंजुरी मिळवायची. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या समाजाची, हेही त्याच कलमात लिहून ठेवले होते.

म्हणजे देश मोकळा झाला आणि त्याच दिवशी माणसाच्या हातात दोन रकान्यांचा कागद आला.

दुभंगलेल्या देशात स्वातंत्र्याविषयी बोलणारे बहुतेक जण 'आपल्या' स्वातंत्र्याविषयी बोलत असतात. आपली भाषा, आपली प्रार्थनास्थळे, आपल्या वस्त्या 'त्यांच्या'पासून सुरक्षित राहाव्यात, आपल्या मुलांना आपल्या पद्धतीने वाढवता यावे, असे त्यांचे म्हणणे असते. या मागणीत खोटे काही नाही. ज्यांनी मार खाल्ला आहे ते ही मागणी करणारच. पण या 'आपल्या' शब्दाच्या आत एकेकटी माणसे असतात आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. अशा देशात व्यक्तिस्वातंत्र्य किती आहे, हे माणूस पलीकडच्यांविरुद्ध किती मोकळेपणाने बोलतो यावरून कळत नाही, असे मला वाटते. तसे तर तिथे सगळेच बोलतात आणि टाळ्याही मिळवतात. त्याने स्वतःच्या लोकांना 'नाही' म्हटले तर पुढे त्याचे काय होते, ते बघायला हवे.

आपल्या भाषेत घरभेदी, फितूर, गद्दार असे शब्द आहेत. शत्रूसाठीसुद्धा एवढे जळजळीत शब्द आपण करून ठेवलेले नाहीत. पलीकडच्याचा राग येतो, पण त्याने वेगळे असावे हे आपण गृहीत धरलेले असते. अलीकडचा कुणी वेगळे बोलला की 'आपण' ही गोष्टच डळमळते आणि म्हणून शिक्षा त्याला जास्त होते. लहानपणी तळ्यात-मळ्यात खेळताना दोन्हीपैकी कुठेच नसलेला गडी बाद व्हायचा. दुभंगलेला देश मोठ्या माणसांनाही तोच खेळ खेळायला लावतो, आणि तिथे बाद होण्याचा अर्थ फार भयंकर असू शकतो.

याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण मला भारताच्या फाळणीत दिसते. १९४७ च्या दंगलींत दोन्ही बाजूंच्या हजारो बायका पळवल्या गेल्या. त्यांना शोधून आपापल्या देशात परत न्यायचे, असे भारत आणि पाकिस्तान यांनी डिसेंबर १९४७ मध्ये ठरवले. काम आवश्यक होते. कोंडून ठेवलेल्या, विकल्या गेलेल्या असंख्य मुली त्यामुळे सुटल्या आणि मृदुला साराभाईंसारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. पुढे भारताने या कामासाठी १९४९ चा अपहृत व्यक्तींच्या शोधाचा आणि परतपाठवणीचा कायदा केला. हा कायदा पहिल्यांदा वाचताना मी व्याख्येपाशीच अडले. १ मार्च १९४७ पूर्वी जी मुस्लिम होती, त्यानंतर आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी जी आपल्या कुटुंबापासून वेगळी झाली, आणि जी आता दुसऱ्या कुणाच्या घरी किंवा ताब्यात आढळते, ती अपहृत. मुलग्यांसाठी सोळा वर्षांची मर्यादा होती. बाईसाठी लिहिले होते, 'कोणत्याही वयाची'. चाळीस वर्षांची बाई 'मी माझ्या मर्जीने इथे आहे' असे म्हणाली, तरी त्या वाक्याला जागा मिळेल अशी सोय व्याख्येत कुठेच नव्हती. पोलिसांना वॉरंटशिवाय तिला ताब्यात घेता येत होते. वाद झाला तर निर्णय न्यायाधिकरणाचा आणि छावणीत ठेवण्याविरुद्ध न्यायालयात दाद नाही.

अनेकींनी जायला नकार दिला. कुणाला मूल झाले होते. कुणाला माहीत होते की माहेरचे आता घरात घेणार नाहीत. काहींची त्या माणसाशी गाठ क्रौर्यातून पडली असेल, तरी दोन वर्षांत त्यांनी तिथे काही उभे केले होते आणि ते दुसऱ्यांदा उद्ध्वस्त व्हायला नको होते. काहींनी आपण होऊन लग्न केले होते. या साऱ्या जणींसाठी 'तुझा देश कोणता' या प्रश्नाचे उत्तर दोन सरकारांनी आधीच लिहून ठेवले होते: तुझा धर्म ज्या देशाचा, तो. एरवी एकमेकांशी बोलायलाही तयार नसलेली दोन सरकारे एवढ्या एका बाबतीत पूर्णपणे एकमत होती.

तारखांकडेही बघावे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी भारताची राज्यघटना स्वीकारली गेली. तिच्यात मूलभूत हक्क आहेत, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य यांचे कलम आहे. हा कायदा त्यानंतरच्या महिन्यातला, त्याच सभागृहातला. पुढे पंजाब उच्च न्यायालयाने एका मुलीच्या प्रकरणात तो घटनाबाह्य ठरवला, पण १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अशा रीतीने ताब्यात घेणे ही घटनेला अभिप्रेत असलेली अटक नव्हेच, असे न्यायालयाने म्हटले. एका बाईला तिच्या मर्जीविरुद्ध पोलीस घेऊन जातात आणि कायद्याच्या लेखी तिला अटकच झालेली नसते. सरकारच्या दृष्टीने ती तिच्या जागी परत जात होती. समूहाची वस्तू समूहाला परत मिळते तेव्हा तिला तुरुंगात टाकले असे कुणी म्हणत नाही.

त्याच घटनेचा मसुदा मांडताना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी, मसुद्याने खेडे हा घटक टाकून व्यक्ती हा घटक स्वीकारला याचा आपल्याला आनंद वाटतो, असे सांगितले होते. ते वाक्य लोकांना बोचले आणि आजही बोचते. पण त्या छावणीतल्या बाईच्या जागी उभे राहून ते वाचावे. घटक व्यक्ती असेल तर तिला विचारावेच लागते. समूह घटक असला, की तिच्याबद्दल इतरांना विचारून भागते.

फाळणी हा टोकाचा काळ होता, असे कुणी म्हणेल. मग शांततेच्या काळातले बघू.

बोस्नियातले युद्ध १९९५ च्या डेटन कराराने थांबले. सुमारे एक लाख माणसे मेली होती. करारालाच जोडून देशाची राज्यघटना आली. तिच्यानुसार राष्ट्राध्यक्षपदावर तीन माणसे असतात: एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातला मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. उरलेल्या सगळ्यांना घटनेने 'इतर' म्हटले आहे. 'इतर' मत देऊ शकतात, पण या पदासाठी उभे राहू शकत नाहीत. याकोब फिन्सी ज्यू आणि डेर्वो सेजदिच रोमा, म्हणजे युरोपातल्या जिप्सी समाजाचे. दोघांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २००९ मध्ये ते जिंकले. फिन्सी तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये बोस्नियाचे राजदूत होते. परदेशात ते देशाच्या वतीने बोलू शकत होते, पण देशात निवडणुकीचा अर्ज भरू शकत नव्हते.

त्यानंतरचा अॅझ्रा झोर्निच यांचा खटला मला आणखी महत्त्वाचा वाटतो. फिन्सी आणि सेजदिच यांना निदान स्वतःचा वेगळा समाज होता. झोर्निच यांनी आपण कोणत्याच समाजाच्या आहोत असे जाहीर करायला नकार दिला. मी बोस्निया आणि हर्झेगोविनाची नागरिक आहे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याही २०१४ मध्ये जिंकल्या.

उत्तर आयर्लंडमध्ये १० एप्रिल १९९८ च्या शांतता करारानंतर विधानसभेत निवडून आलेल्या प्रत्येकाने आपली नोंद करायची असते: युनियनिस्ट (ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणारे), नॅशनलिस्ट (एकसंध आयर्लंड हवे असणारे) किंवा इतर. काही मोठ्या निर्णयांना दोन्ही प्रमुख गटांची वेगवेगळी संमती लागते आणि तिथे 'इतर'चे मत त्या तराजूत पडत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथल्या सरकारचे प्रमुख, निवडताना युनियनिस्टांचे बहुमत थोडक्यात हुकले. सरकार कोसळेल अशी वेळ आली. तेव्हा कोणत्याच बाजूचे नसलेल्या अलायन्स पक्षाच्या काही सदस्यांनी आपली नोंद तेवढ्यापुरती 'युनियनिस्ट' अशी करून घेतली आणि युनियनिस्ट नेते डेव्हिड ट्रिंबल निवडून आले. माणसे तीच होती आणि त्यांची मतेही तीच होती, पण रकाना बदलताच त्या मतांना वजन आले. हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला तो वाचून वाईट वाटते. आयुष्यभर ज्या गोष्टीला नकार दिला, ती कागदावर कबूल केली तेव्हा कुठे त्या माणसांना आपला देश वाचवता आला.

यावर एक उत्तर आहे आणि ते हलके नाही. या व्यवस्थांनी माणसे वाचवली. उत्तर आयर्लंडमधल्या तीस वर्षांच्या हिंसाचारात साडेतीन हजारांच्या आसपास जीव गेले; करारानंतर ते सत्र थांबले. ज्याच्या घरावर बाँब पडत होता त्याला तिसऱ्या रकान्याची चिंता सांगणे निर्दयपणाचे ठरले असते. मी त्या वाटाघाटींच्या टेबलावर असते तर बहुधा मीही सही केली असती. पण रक्त वाहणे थांबावे म्हणून बांधलेली पट्टी कायमची ठेवली तर खालची कातडी सडते. युद्ध थांबवण्यासाठी केलेल्या रकान्यांना मुदत नसली, की त्या रकान्यांवर जगणारे पक्ष, नेते, शाळा, वृत्तपत्रे तयार होतात आणि रकाने पुसले जाऊ नयेत यातच त्यांचे हित असते. शिवाय रकान्यांनी शांतता टिकतेच असेही नाही. सायप्रसची ती व्यवस्था १९६३ च्या अखेरीस हिंसाचारात मोडली आणि १९७४ मध्ये बेटाचे दोन तुकडे झाले.

दुसरे उत्तर याहून अवघड आहे. 'समूहाबाहेर पड, व्यक्ती म्हणून जग' हा उपदेश करायला बहुसंख्याकांना सोपे जाते. त्यांची ओळख हवेसारखी असते, कुणी विचारतही नाही. अल्पसंख्य माणसाला दंगलीत त्याच्या वैयक्तिक मतांमुळे कुणी मारत नाही. आडनाव बघूनच मारतात. त्या रात्री त्याला दार उघडणारा त्याच्याच समूहाचा असतो. अशा माणसाला व्यक्तिस्वातंत्र्याचे गोडवे ऐकवणे म्हणजे पावसात उभ्या असलेल्याला छत्री टाकून दे म्हणण्यासारखे आहे. हे मला मान्य आहे, अगदी पूर्णपणे. म्हणूनच मला वाटते की दुभंगलेल्या देशात व्यक्तिस्वातंत्र्याची पहिली जबाबदारी बहुसंख्याकांवर आणि त्यांच्या सरकारवर असते. पोलीस सगळ्यांच्या दारात सारख्याच वेळेत पोहोचत असतील, तरच समूहाचे छप्पर ही निवड होते. नाहीतर ती सक्तीच असते, आणि सक्तीने टिकलेल्या निष्ठेबद्दल कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

पण छप्पर देणारा समूह भाडेही घेतो. कुणाशी लग्न करायचे, काय बोलायचे, कुणाच्या मयताला जायचे. भाडे चुकवले की बहिष्कार. मुंबई राज्याने १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण कुणाला बाहेर काढायचे हे ठरवणे हा धर्मसमूहाच्या स्वातंत्र्याचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा यांनी एकट्याने वेगळे मत नोंदवले. बहिष्कृत माणसाच्या वाट्याला जवळजवळ अस्पृश्यासारखे जिणे येते, हे त्यांनी ओळखले होते. समूहाला स्वातंत्र्य हवे हे खरे, पण दफनाची जागा, लग्न, शेजार, धंदा हे सारे ज्याच्या हातात आहे, तो समूह क्लबसारखा 'आमचे सदस्य आम्ही ठरवू' म्हणू शकत नाही. इथे मी सिन्हांच्या बाजूने आहे.

लेबनॉनमध्ये हे भाडे पैशांत मोजता येते. राज्य अठरा पंथांना मान्यता देते आणि लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा हे सारे त्या त्या पंथाच्या कायद्याने आणि न्यायालयांत चालते. देशात नागरी विवाहाचा कायदा नाही. मात्र परदेशात झालेला नागरी विवाह सरकार नोंदवून घेते. म्हणून वेगवेगळ्या पंथांची, किंवा पंथच नको असलेली जोडपी विमानाने सायप्रसला जातात, तिथे लग्न करतात आणि परत येतात. ज्याच्याकडे तिकिटाचे आणि कागदपत्रांचे पैसे आहेत, तो दोन दिवसांत स्वतंत्र होतो. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्यासाठी पंथ हेच नशीब. २०१३ मध्ये एका जोडप्याने नोंदणीतून आपला पंथ काढून टाकला आणि फ्रेंच राजवटीतल्या १९३६ च्या एका आदेशाचा आधार घेऊन देशातच नागरी विवाह केला. तो नोंदलाही गेला. त्यांच्या मागून त्याच वाटेने निघालेल्यांना मात्र पुढे सरकारी दार बंदच मिळाले. समुद्रापलीकडचे लग्न चालते आणि घराशेजारच्या कचेरीतले चालत नाही, यामागे कोणतेही धार्मिक तत्त्व मला दिसत नाही. परदेशातल्या लग्नामुळे पंथप्रमुखांच्या ताब्यातली जमीन हलत नाही, एवढेच.

देश दोन राज्यांत फाटलेला असेल तर आणखी एक गोष्ट घडते: गप्प राहण्याचे स्वातंत्र्य जाते. पूर्व जर्मनीचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९८९ मध्ये तिथल्या गुप्त पोलिसांत सुमारे ९१ हजार पूर्णवेळ कर्मचारी होते, शिवाय खबरे वेगळे. १९९२ पासून लोकांना स्वतःच्या फायली वाचता येऊ लागल्या आणि काहींना त्यांत जिवलगांचे शब्द सापडले. हुकूमशाही होती, असे म्हणून हे बाजूला ठेवता येते. दक्षिण कोरियाला तसे बाजूला ठेवता येत नाही. तो निवडणुका होणारा, सरकारे बदलणारा देश आहे. तरीही १९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा तिथे अजून आहे. उत्तरेची स्तुती करणे त्यात गुन्हा ठरू शकते आणि सप्टेंबर २०२३ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते कलम पुन्हा एकदा कायम ठेवले. त्याच कायद्यात, ठरावीक गुन्हे माहीत असूनही न कळवणे हाही गुन्हा आहे. गुन्हेगार नातेवाईक असेल तर शिक्षा कमी होते किंवा माफ होते. आईने मुलाची खबर दिली नाही तर कायदा तिला क्षमा करतो, पण दोषी आधी धरतो. सीमेपलीकडचा धोका खरा आहे, हे मी नाकारत नाही. पण धोका खरा असला तरी सत्तर-पंचाहत्तर वर्षे टिकणाऱ्या अपवादाला अपवाद म्हणता येत नाही.

भिंत नसलेल्या, कायद्याने एकसंध पण मनाने फाटलेल्या देशांतही हेच घडते, फक्त तिथे पोलीस लागत नाहीत. एखादी घटना घडते आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाकडून निषेधाची किंवा पाठिंब्याची अपेक्षा सुरू होते. गप्प बसलेल्याला 'तेव्हा कुठे होतात?' असे विचारतात. मला यातली तळमळ कळते, अन्यायासमोर गप्प बसणे मलाही आवडत नाही. पण विचार करायला वेळ घेणारा, दोन्हीकडचे थोडे पटणारा, किंवा अजून काहीच नीट कळले नाही असे प्रामाणिकपणे सांगणारा माणूस या घाईत चिरडला जातो. त्याचे मत चुकीचे ठरवले जाते असेही नाही. मत तयार व्हायच्या आधीच त्याला रकान्यात बसवले जाते. आणि एकदा बसवल्यावर तोही पुढे तसेच बोलू लागतो, कारण आता त्याला घेणारे तेवढेच लोक उरलेले असतात.

हे बदलायला माणसांची मने जुळेपर्यंत थांबायला हवे असे मला वाटत नाही. पुष्कळ गोष्टी साध्या कारकुनी स्वरूपाच्या आहेत. नोंदणीच्या कागदावर धर्म, पंथ, वंश रिकामा सोडता आला पाहिजे, आणि रिकामा सोडणाऱ्याचा कोणताही हक्क कमी होता कामा नये. नागरी विवाह देशातच, तालुक्याच्या कचेरीत, गरिबाला परवडेल असा हवा. सत्तावाटपाच्या करारात पहिल्याच दिवशी फेरविचाराची तारीख लिहिलेली असावी. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत 'इतर'चे मत इतरांच्या मताएवढेच मोजावे. २०२२ च्या निवडणुकीत अलायन्स पक्ष नव्वदपैकी सतरा जागा घेऊन तिसरा आला, त्या मतदारांना अपूर्ण मतदार समजणे आता कशानेही समर्थनीय नाही. आणि शाळा. बेलफास्टमध्ये १९८१ साली प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही समाजांच्या पालकांनी मिळून लॅगन कॉलेज सुरू केले तेव्हा मुले होती अठ्ठावीस. हिंसाचार चालू असताना, सरकारची वाट न बघता त्या पालकांनी आपली मुले एका बाकावर बसवली. आपल्याच लोकांना 'नाही' म्हणण्याची किंमत त्यांनी आधी स्वतः मोजली. अजूनही तिथली बहुतेक मुले वेगवेगळ्या शाळांतच शिकतात, पण ज्यांना एकत्र शिकायचे आहे त्यांना आता जागा आहे.

बोस्नियात झोर्निच यांच्या बाजूने निकाल लागून दहा वर्षे होऊन गेली. त्यानंतरही निवडणुका झाल्या, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला आपण तिघांपैकी कोण, हे अजून सांगावे लागते. 'नागरिक' हे उत्तर अजूनही चालत नाही.